आक्षीच्या पुळणीवर ग्रेट नॉट : नोंद आणि ओळखीची चर्चा

सागरगोटा | रविवार, संध्याकाळी ६:४०

मंडळी, काल सकाळी आक्षीला (अलिबाग) ग्रेट नॉट दिसला. एकच पक्षी, ग्रे प्लोव्हरच्या थव्यात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा फार क्वचित नोंदला जातो, म्हणून ओळख पक्की करून घ्यायला आणि इथल्या जाणत्यांचं मत ऐकायला धागा काढतोय. चार फोटो जोडलेत. जरा सविस्तर लिहितो, कारण अशा नोंदीत नुसतं "दिसला" म्हणून भागत नाही.

काल माघ वद्य द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे साधारण नऊ. किनाऱ्यावरचे पक्षी बघायला जाताना मी सगळ्यात आधी हा हिशोब करतो. पूर्ण सुकतीला गेलं तर आक्षीचं पाणी इतकं आत गेलेलं असतं की पक्षी नुसते ठिपके दिसतात, आणि त्यांच्या मागे ओल्या वाळूत चालत गेलं की ते आणखी आत सरकतात. पाणी चढत असताना याच्या बरोबर उलट होतं. आपण कोरड्या वाळूवर एका जागी बसून राहायचं, भरती त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पिसांचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळं काळंच दिसतं.

सातच्या सुमारास सुरूच्या बनातून खाली उतरलो. पाण्याच्या कडेला नेहमीची मंडळी होती. लाटेच्या पुढेमागे पळणारे सँडर्लिंग, विखुरलेले छोटे चिखले, थोडे कर्ल्यू सँडपायपर, आणि खाडीच्या तोंडाकडे कुरव आणि सुरय एकत्र बसलेले. ग्रे प्लोव्हर बरेच होते. ते ज्या पद्धतीने खातात ती इथल्या बहुतेकांना माहीत असेल: चार पावलं पळायचं, थांबायचं, बघायचं, एकदा टिपायचं. सगळा खेळ डोळ्यांचा. त्यांच्यात एक पक्षी असा होता की तो थांबतच नव्हता. मान खाली घालून सावकाश पुढे जात वाळूत चोच खुपसत होता, पुन्हा पुन्हा, शिवणयंत्राच्या सुईसारखी. लक्ष गेलं ते त्याच्या या चालीकडे. रंगाने तर तो त्या थव्यात सहज खपून गेला असता.

स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लावला. उंची शेजारच्या ग्रे प्लोव्हरपेक्षा किंचित कमी, पण अंगाने लांबट. चोच काळी, डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्ट जास्त, बुडाशी जाड आणि टोकाकडे जेमतेम खाली झुकलेली. पाठ राखाडी, छातीवर गडद ठिपके, आणि ते ठिपके बगलेकडे विरळ होत गेलेले. पोट पांढरं. पाय मळकट हिरवट. त्याने दोनदा शिंपला बाहेर काढला आणि फोडत न बसता अख्खा गिळला. दुसऱ्यांदा तर गळ्यातून खाली सरकताना दिसला.

अर्धा तास असाच गेला. पक्षी हळूहळू जवळ येत होते. मग नागावच्या बाजूने एक जीप पाण्याच्या कडेकडेने वेगात आली आणि थवा उडाला. चौथा फोटो त्या क्षणाचा आहे. त्यात शेपटीच्या वरचा पांढरा पट्टा आणि राखाडी शेपटी दिसते, आणि ओळखीसाठी हाच फोटो सगळ्यात उपयोगी ठरेल. तरीही हा फोटो मिळाला नसता तर मला जास्त आनंद झाला असता. थवा खाडीपलीकडे गेला आणि भरती पूर्ण होईपर्यंत परतला नाही.

काही शंका असतील तर मोकळेपणाने विचारा.

---

निळाई | रविवार, संध्याकाळी ७:०५

अभिनंदन! ग्रेट नॉट मी आजवर फक्त पुस्तकात पाहिलाय. शिंपला गळ्यातून खाली जाताना दिसला हे वाचून अंगावर काटा आला.

---

चिखलवाट | रविवार, रात्री ८:३२

धागा उत्तम. पण नोंद दुर्मीळ आहे, म्हणून दोन पर्याय नीट बाजूला काढायला हवेत.

पहिला, कर्ल्यू सँडपायपर. तो आकाराने बराच लहान आणि चोच चांगली वाकडी. तुम्ही शेजारी ग्रे प्लोव्हर होता असं लिहिलंय, त्यामुळे हा पर्याय मोडीत निघतो.

दुसरा, रेड नॉट. हा आपल्याकडे ग्रेट नॉटहूनही कमी दिसतो, पण म्हणून तो नसेलच असं धरून चालता येत नाही. हिवाळी पिसाऱ्यात दोघं राखाडीच. फरक असे: रेड नॉट गुटगुटीत, २३ ते २५ सेंमी, चोच सरळ आणि साधारण डोक्याएवढी. ग्रेट नॉट २६ ते २८ सेंमी, डोकं अंगाच्या मानाने लहान वाटतं, बसलेला असताना पंखांची टोकं शेपटीपुढे जातात त्यामुळे मागचा भाग निमुळता दिसतो. रेड नॉटच्या छातीवर बारीक रेघा आणि बगलेवर नागमोडी खुणा असतात, ग्रेट नॉटला छातीवर स्वतंत्र ठिपके. रेड नॉटच्या शेपटीवरचा भाग बारीक पट्ट्यांमुळे राखाडी वाटतो, ग्रेट नॉटचा लांबूनही पांढरा दिसतो.

पहिल्या फोटोत पक्षी तिरका उभा आहे, त्यामुळे चोचीची लांबी मोजता येत नाही. चौथा मोठा करून टाकाल का? आणि प्लोव्हरबरोबरचा एखादा बाजूने घेतलेला फोटो आहे का?

---

सागरगोटा | रविवार, रात्री ९:१५

चिखलवाट, दोन्ही टाकले. पाचव्या फोटोत दोघं एकाच रेषेत बाजूने उभे आहेत, माझ्यापासूनचं अंतरही जवळजवळ सारखंच. त्या फोटोवर चोचीची आणि डोक्याची लांबी मोजली, चोच डोक्याच्या साधारण दीडपट भरते. बगलेवर नागमोडी खुणा कुठेच नाहीत.

---

चिखलवाट | रविवार, रात्री ९:४८

हा फोटो पुरेसा आहे. ग्रेट नॉट. मनापासून अभिनंदन, आणि लिहिण्याच्या शिस्तीबद्दल वेगळं अभिनंदन. चाल, चोच, ठिपके, उडतानाचा पांढरा पट्टा, चारही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

आणखी एक. पंखांवरच्या पिसांना मधोमध गडद रंग आणि कडेला फिकट किनार दिसतेय, पाठीवरची पिसं मात्र नवी, राखाडी. म्हणजे हा पहिलाच हिवाळा असलेला पक्षी असावा, गेल्या उन्हाळ्यात सैबेरियात अंड्यातून निघालेला. ही पिल्लं पहिल्याच वर्षी परत जात नाहीत. बरीचशी पुढचा उन्हाळाही दक्षिणेतच काढतात. किनाऱ्यावर शांतता मिळाली तर हा पक्षी मे महिन्यातही तिथेच दिसू शकतो. येत्या महिन्यांत लक्ष ठेवा.

पायात झेंडी किंवा कडं होतं का? पाचव्या फोटोत पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत.

---

सागरगोटा | रविवार, रात्री १०:०२

दोन्ही पाय कोरड्या वाळूवर पूर्ण दिसले होते, काहीच नव्हतं. ते मी मुद्दाम पाहिलं.

---

तिवरांची_सावली | सोमवार, सकाळी ८:२०

झेंडी म्हणजे काय? मी या विषयात अगदी नवीन आहे. आणि एवढा साधा राखाडी पक्षी, त्याच्यासाठी एवढा जीव का टाकायचा, हेही कोणीतरी सांगा. खरंच समजून घ्यायचंय.

---

जलपर्णी | सोमवार, दुपारी १:१०

तिवरांची_सावली, प्रश्न छान आहे. उत्तर थोडं लांबेल.

झेंडी म्हणजे पायात बसवलेली प्लास्टिकची रंगीत पट्टी. कुठल्या देशात किंवा किनाऱ्यावर कोणता रंग वापरायचा हे संशोधकांनी आपसात ठरवून घेतलंय. वायव्य ऑस्ट्रेलियाची झेंडी पिवळी असते, न्यूझीलंडची पांढरी. काही झेंड्यांवर अक्षरं कोरलेली असतात, म्हणजे पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही, दुर्बिणीतून वाचलं की तो नेमका कोण ते कळतं. केरळात चावक्काडच्या किनाऱ्यावर रशियातल्या कामचाटकात झेंडी लावलेला ग्रेट नॉट असाच ओळखला गेला. अंतर नऊ हजार किलोमीटरच्या आसपास. कुणीतरी त्या पक्ष्याच्या पायांकडे धीराने पाहिलं म्हणून हे समजलं.

आता जीव का टाकायचा. ग्रेट नॉट ईशान्य सैबेरियातल्या डोंगरमाथ्यांवर घरटी करतात, दगडफुलांनी झाकलेल्या उघड्याबोडक्या उतारांवर. अंडी बहुधा चार. पिल्लं बाहेर आली की मादी लवकरच दक्षिणेची वाट धरते आणि पिल्लं सांभाळतो नर. नंतर पिल्लं स्वतःची स्वतः निघतात. सागरगोटांना दिसलेल्या पक्ष्याला आक्षी कुणी दाखवलेली नाही.

त्याच्या चोचीचंही सांगते. याचाच भाऊबंद असलेल्या रेड नॉटवर डच संशोधकांनी काम केलं, १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशींची दाटी असते. ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं. जवळ शिंपला असेल तर त्या दाबात अडथळा येतो आणि शिंपल्याला स्पर्श न करताच तो तिथे आहे हे पक्ष्याला कळतं. सागरगोटांनी लिहिलेलं ते सतत चोच खुपसणं म्हणजे हे चाचपणं असावं. यासाठी वाळू ओली हवी, म्हणून हे पक्षी पाण्याच्या कडेला बांधलेले असतात आणि भरती-ओहोटीच त्यांचं घड्याळ ठरवते.

शिंपला अख्खा गिळल्यावर तो भरडते पेषणी, पोटातला दणकट स्नायू. पण लांब उड्डाणात हे वजन परवडत नाही. वायव्य ऑस्ट्रेलियातून चीनपर्यंत ५,४०० किलोमीटर उडून आलेल्या ग्रेट नॉटचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. निघण्यापूर्वीचे आणि पोचल्यानंतरचे पक्षी तपासले तेव्हा दिसलं की चरबी तर जळतेच, शिवाय यकृत, आतडी, स्नायू असे जवळजवळ सगळे अवयव आकसतात. आकार टिकवतात फक्त मेंदू आणि फुप्फुसं. असा पक्षी उतरतो तेव्हा त्याच्याकडे शिलकीत काहीच नसतं. उतरल्या जागी खायला मिळालंच पाहिजे आणि निवांत बसायलाही मिळालंच पाहिजे.

ती जागाच गेली तर काय होतं याचं उदाहरण दक्षिण कोरियातलं सेमांगम. पीतसमुद्राच्या काठची ही खाडी स्थलांतरात ग्रेट नॉटचा फार मोठा थांबा होती. २००६ मध्ये तिच्या तोंडावरचा ३३ किलोमीटरचा बांध पुरा झाला, भरतीचं पाणी अडलं, चिखलपट्टे सुकले. पुढच्या दोन वर्षांत कोरियातल्या गणनेत सुमारे ९०,००० ग्रेट नॉट कमी भरले. ते शेजारच्या खाड्यांत गेले असतील अशी आशा होती. तसे ते सापडले नाहीत आणि ऑस्ट्रेलियात हिवाळ्यासाठी परतणाऱ्यांची संख्याही घटली. २०१५ पासून हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत "संकटग्रस्त" आहे. तो राखाडी पक्षी मला तरी साधा वाटत नाही.

---

तिवरांची_सावली | सोमवार, दुपारी २:४५

जलपर्णीताई, खूप आभार. दोनदा वाचलं. सेमांगमचा परिच्छेद वाचून गप्प झाले.

---

नरारा | सोमवार, रात्री ९:३०

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर जामनगरला. कच्छच्या आखातात ग्रेट नॉट हिवाळ्यात नियमित येतात, त्यामुळे थोडी भर घालते.

इथलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं. वाडीनारजवळ नरारा नावाची जागा आहे, वनखात्याची परवानगी काढून ओहोटीत प्रवाळांवरून चालत जाता येतं. तिथे ग्रेट नॉट बहुतेक वेळा बार-टेल्ड गॉडविट आणि ग्रे प्लोव्हर यांच्याबरोबर असतात. लांबून थवा तपासताना मी आधी पाठीच्या उंचीची रेषा बघते. गॉडविट वर निघतात, कर्ल्यू सँडपायपर खाली राहतात, आणि प्लोव्हरच्या उंचीला ज्याची मान सतत खाली असते तो नॉट. सागरगोटा, तुम्ही चालीवरून पकडलंत ते अगदी बरोबर.

२०२५ च्या जानेवारीत इथे किनारी आणि पाणथळ पक्ष्यांची खास गणना झाली, देशात अशी पहिलीच. तिच्या निमित्ताने शहरातल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा समजलं की आपल्या मागच्या अंगणात कोण कोण राहतं. कोकणात असं काही व्हायला हवं. जानेवारीतली पाणपक्षी गणना होते, पण तळी आणि धरणांना जेवढी माणसं मिळतात तेवढी पुळणींना मिळत नाहीत.

मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये पुन्हा जा. प्रौढ पक्ष्यांची छाती तेव्हा काळ्या ठिपक्यांनी भरून जाते आणि खांद्यावर तांबूस रंग चढतो. तुमचा पक्षी लहान असल्यामुळे तो रंग कमी चढेल, पण वाटेवरचे दुसरे थांबले तर?

---

मस्कतकर | मंगळवार, सकाळी ११:०५

नरारा ताईंना अनुमोदन. समुद्राच्या या बाजूने लिहितो. ओमानमध्ये मसिरा बेटासमोर बर अल हिकमान म्हणून विस्तीर्ण चिखलपट्टा आहे. मस्कतहून गाडीने अर्धा दिवस जातो. हिवाळ्यात तिथे पाच लाखांच्या घरात किनारी पक्षी असतात, असं तिथे गणना करणाऱ्या संशोधकांनी मांडलंय. त्यांच्यात ग्रेट नॉटही आहेत आणि क्रॅब प्लोव्हरचे मोठाले थवे आहेत. बहुतेक ग्रेट नॉट ऑस्ट्रेलियाला जातात, थोडे पश्चिमेकडे वळून आपल्या आणि अरबस्तानच्या किनाऱ्यांवर उतरतात. कोकणात उतरणारे त्या थोड्यांपैकीच. आकडा लहान असला तरी तो टिकणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

तिथे फिरताना जाणवतं ते त्या जागेचं निर्मनुष्यपण. आक्षी तशी होणार नाही, व्हायलाही नको, माणसांचं गाव आहे ते. पण जीपचा परिच्छेद वाचून वाईट वाटलं.

---

रेवसची_होडी | मंगळवार, रात्री ८:१५

मी इथलाच, मासेमारीच्या घरातला. जीपबद्दल लिहिलंत ते बरं केलंत.

एक सांगतो. आमच्या बायका ओहोटीला खाडीच्या तोंडाशी शिंपल्या काढायला बसतात, तेव्हा हे पक्षी त्यांच्या जवळपासच चरत असतात. बायका वाकलेल्या असतात, हळू सरकतात, कुणाच्या अंगावर जात नाहीत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना आरडाओरडा होतो तरी पक्षी जरा बाजूला होतात आणि परत येतात. माणसांची त्यांना सवय आहे. वेगाची नाही. शनिवार-रविवारी भरधाव गाड्या, चार चाकी बाइक आणि थव्यात मुद्दाम सोडलेली कुत्री, या तीन गोष्टींनी किनारा रिकामा होतो. मुलं पळत जाऊन थवा उडवतात आणि आईबाप व्हिडिओ काढतात, तेही रोजचं झालंय.

भरतीच्या वेळी तर पक्ष्यांना जागा एवढीशीच उरते, वाळूची एक अरुंद पट्टी. ते तिथे खात नाहीत, एका पायावर उभे राहून झोपतात. नेमकी तीच पट्टी गाडी चालवायलाही बरी पडते.

---

जलपर्णी | मंगळवार, रात्री ९:०२

रेवसची_होडी दादा, तुम्ही लिहिलंत ते अनेक शोधनिबंधांपेक्षा मोलाचं आहे. भरतीची ती झोप हीच खरी नाजूक वेळ. ओहोटीत उडवलं तर पक्षी शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा खातो. भरतीत उडवलं तर बसायला दुसरी जागाच नसते, तो घिरट्या घालत राहतो आणि साठवलेली चरबी तिथेच जळते. परतीच्या प्रवासाआधी, फेब्रुवारी ते एप्रिल, हे नुकसान भरून काढायला त्याच्याकडे फार दिवस नसतात.

---

उधाण | बुधवार, सकाळी ७:५०

सगळं वाचलं. पण मग जागेचं नाव धाग्याच्या शीर्षकातच का? आता रविवारी पन्नास कॅमेरे पोचतील. दुर्मीळ पक्ष्याची जागा जाहीर केल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: घेराव पडतो, मोठी लेन्स असलेले पुढे पुढे सरकतात आणि शेवटी उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणीतरी टाळी वाजवतं. सागरगोटा, राग मानू नका, पण नाव झाकायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

---

सागरगोटा | बुधवार, दुपारी १२:३०

उधाण, राग कसला. नाव देण्याआधी मी या गोष्टीचा विचार केला. घरटं असतं तर तालुकाही सांगितला नसता. घुबडाची दिवसा झोपायची जागा असती तरी नाही. पण हा पक्षी मोकळ्या पुळणीवर मैलभर फिरतो आणि आक्षी पक्षी बघणाऱ्यांना आधीपासून माहीत आहे. उलट इथे ग्रेट नॉट येतो हे कागदावर आलं नाही, तर उद्या या किनाऱ्याचं काही करायचं ठरेल तेव्हा "इथे महत्त्वाचं काही नाही" एवढंच फायलीत लिहिलं जाईल. नोंद हाच आपल्या हातातला पुरावा आहे.

भरतीला पक्षी नेमके कुठे झोपतात ती जागा मात्र मी लिहिलेली नाही, लिहिणारही नाही. विचारू नका.

---

चिखलवाट | बुधवार, दुपारी ३:१५

सागरगोटांशी सहमत, आणि उधाण यांची भीतीही खरी आहे. येणाऱ्यांसाठी माझ्यापुरता नियम सांगतो. पक्षी खाणं थांबवून मान ताठ करतो तेव्हा आपण जास्त जवळ गेलेलो असतो. तिथेच बसायचं, शक्य तर दोन पावलं मागे. तो पुन्हा खायला लागला की ठीक. सगळ्या थव्याने एकाच बाजूला चालायला सुरुवात केली तर ती उडण्याआधीची शेवटची सूचना असते. आणि मोठी लेन्स असेल तर तिचा उपयोग लांब राहण्यासाठी करायचा.

---

निळाई | बुधवार, संध्याकाळी ६:२०

+१. हे छापून सुरूच्या बनाबाहेर लावायला हवं.

---

तिवरांची_सावली | गुरुवार, सकाळी ९:००

मला यायचंय. माझ्याकडे फक्त साधी ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप नाही. उपयोग होईल का? आणि सुरुवात कुठल्या पक्ष्यांपासून करू?

---

नरारा | गुरुवार, सकाळी १०:४०

नक्की होईल. भरतीच्या आधी दोन तास जाऊन बसलीस तर पक्षी तुझ्या दुर्बिणीच्या टप्प्यात आपणहून येतात. सुरुवात दुर्मीळ पक्ष्यांपासून करू नकोस. आधी सँडर्लिंग, केंटिश प्लोव्हर, ग्रे प्लोव्हर, कर्ल्यू सँडपायपर हे चार इतके बघ की पाठमोरे ओळखता येतील. वहीत रंगांऐवजी चाल लिही: पळतो का, थांबतो का, चोच टिपतो की खुपसतो, लाटेच्या किती जवळ जातो. हिवाळ्यात सगळ्यांचे रंग सारखेच, चाल मात्र प्रत्येकाची वेगळी. दहानंतर वाळू तापून हवा थरथरायला लागते, मग महागडा स्कोपही काही दाखवत नाही. तेव्हा लवकर जा, पाणी आणि टोपी घे.

---

रेवसची_होडी | शनिवार, संध्याकाळी ५:१०

काल संध्याकाळी होडी लावताना पाहिला. तुमच्या फोटोशी ताडून बघितला, तोच वाटतो. खाडीच्या दक्षिणेला, नागावकडच्या बाजूने, सात-आठ मोठ्या प्लोव्हरबरोबर. मोबाइलवर लांबून व्हिडिओ घेतलाय, खाली टाकतो. मान खाली घालून चोच खुपसणं स्पष्ट दिसतंय.

गावात चार तरुणांशी बोललोय. भरतीच्या वेळी गाड्या खाली उतरू नयेत म्हणून सुरूच्या वाटेवर ओंडके आडवे टाकायचं म्हणतायत. पंचायतीत विषय काढायचा ठरलाय. तुमच्यापैकी कोणी या पक्ष्याची माहिती मराठीत एका पानावर लिहून देईल का? सभेत वाचून दाखवता येईल.

---

जलपर्णी | शनिवार, संध्याकाळी ५:४५

दादा, मी लिहिते. उद्या रात्रीपर्यंत पाठवते. सागरगोटा, पाचवा फोटो त्यात वापरू ना?

---

सागरगोटा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

जरूर वापरा, मूळ मोठी फाइल पाठवतो. व्हिडिओ पाहिला, शंभर टक्के तोच. पक्षी अजून आहे हे कळून फार बरं वाटलं.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद तपासणीत होती, आज मान्य झाली. या व्हिडिओची नोंद रेवसची_होडी यांच्या नावाने वेगळी करायला हवी, खातं उघडायला मी मदत करतो. पुढची फेरी फाल्गुन शुद्ध एकादशीला ठेवू. भरती सव्वाआठच्या आसपास, म्हणजे सव्वासहाला, अंधार असतानाच जागेवर बसलेलं हवं. तिवरांची_सावली, तुम्ही अलिबाग एसटी स्टँडवर या, तिथून सोबत जाऊ. उधाण, तुम्हीही या. जास्तीत जास्त सहा जण, त्यामुळे येणाऱ्यांनी इथेच नाव लिहा.

---

उधाण | शनिवार, रात्री ७:१०

माझं नाव घ्या. ओंडके टाकायला माणसं लागली तर आदल्या दिवशीच येतो.